कोनशिलेखालील जमीन

साखरशेतच्या पलीकडे, डोंगर जेथे रस्त्याला खेटून उतरतो, तेथे आमचा पाडा आहे; आणि पाड्याच्या तोंडाशीच सोन्या नावाच्या आमच्यातल्या शेतकऱ्याच्या मालकीची जमिनीची एक सपाट पट्टी आहे. त्या पट्टीच्या मध्यभागी काळ्या दगडाची एक कोनशिला उभी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत आमदार जनार्दनराव यांचे नाव कोरलेले होते. नळपाणी योजनेची टाकी तेथे व्हावयाची होती. टाकी झाली नाही. शिला मात्र इतके पावसाळे खाऊनही जागची हलली नाही, यावरून सरकारी कामातही मनात आणल्यास दगड चांगला वापरता येतो, एवढे सिद्ध झाले.

जनार्दनराव हे मूळचे आमच्यातलेच. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर, कुडाच्या घरात त्यांचा जन्म झाला, तेव्हा त्यांना जान्या म्हणत. प्रथम निवडून आल्यावर ते जनार्दन झाले, पुढच्या खेपेस जनार्दनभाऊ, आणि त्यानंतर राव ही उपाधी त्यांना आपोआप चिकटली. त्यांची ही प्रगती डोळ्यांदेखत पाहण्याचे भाग्य आम्हांस लाभले. अन्य कोणतीही प्रगती पाहावयास मिळाली नाही, सबब हीच मनोभावे पाहिली. पक्ष त्यांनी वेळोवेळी बदलले, आणि प्रत्येक वेळी ‘जनतेच्या आग्रहास्तव’ बदलले. हा आग्रह कोणत्या जनतेने केला, हे आम्ही जामसरपर्यंत विचारून पाहिले. कोणी कबूल होईना. जव्हारात त्यांचे माडीचे घर आहे. माडीवर नळ आहे. त्यांच्या हौदातले पाणी वाहून रस्त्यावर येते, आणि बाजाराला आलेल्या आमच्या बाया त्यात पाय धुऊन पुढे जातात. मतदारसंघातील पाणीप्रश्नाची जनार्दनरावांनी केलेली सोडवणूक ती एवढीच.

आता आमच्याकडील एक रीत सांगणे प्राप्त आहे, कारण या कथेचे मूळ तिच्यातच आहे.

आमच्यात जमिनीला नारळ फोडणे ही क्षुल्लक बाब नव्हे. घर बांधायचे असो वा विहीर खणायची असो, माणूस नारळ फोडून धरतरीमातेकडे जागा मागतो. मागितलेली जागा त्या कामाची झाली. काम पुरे होईतो तिच्यात नांगर घालावयाचा नाही, की रोपांसाठी पालापाचोळा पसरून राब भाजावयाचा नाही. काम होणार नसेल, तर ज्याने मागितली त्यानेच ती परत करावयाची. त्यासाठी त्याने गावच्या पाणवठ्यावरून आपल्या हाताने पाणी आणून तेथे ओतावे आणि म्हणावे, ‘माय, तुझं तुला.’ त्याच्या ऐवजी दुसऱ्याचा हात चालत नाही.

जनार्दनरावांनी सोन्याच्या पट्टीवर पहिला नारळ फोडला, तेव्हा तो केवळ मंडपातला नारळ आहे, असे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आले नाही. आमच्यातल्याच एका माणसाने, आमच्याच रीतीने, धरतरीकडे पाण्यासाठी जागा मागितली, असे आम्ही समजलो. शहरातला माणूस असे समजला नसता. सोन्याने त्या दिवसापासून पट्टीत पाऊल ठेवले नाही. त्याची आई गोदी दर सणाला कोनशिलेला शेंदूर लावून हात जोडू लागली. पुढल्या निवडणुकीच्या आधी आमदार पुन्हा आले, पुन्हा नारळ फुटला. त्याच्या पुढल्या वेळीही तेच. पट्टी पडीकच राहिली. ही रीत जनार्दनरावांस ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती. कुडाच्या घरात जन्मलेल्या माणसाला ती ठाऊक असतेच.

सोन्याची बाकीची जमीन म्हणजे दगडगोट्यांचा उतार. त्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपे लावता येतात, पण राब भाजून रोप तयार करावयाला सपाट, मातीची जागा लागते. ती एकच होती, आणि ती शिलेखाली अडकलेली. इतकी वर्षे तो शेजारच्या लाडक्याच्या शेताच्या कोपऱ्यात राब भाजत आला. यंदा लाडक्याचा मुलगा रूपेश याने त्याच कोपऱ्यात घराचा पाया घेतला. राब नाही तर रोप नाही; आणि नागली नाही तर ऐन पावसाळ्यातही घराला कडी लावून ठाण्याला मजुरीस जाणे आले. मागल्या वर्षी उन्हाळ्यात सोन्याची बायको चिमी तेथे पुलाखाली प्लास्टिक बांधून राहिली होती.

“तठं मी परत जायची नाय,” ती सोन्याला म्हणाली. “आपली जमीन हाय. त्याच्याकडनं सोडवून घे.”

“आमदाराला कसा सांगणार मी?”

“तू नको सांगू. तू नुस्ता उभा रा.”

अशातच बातमी आली की, जनार्दनराव त्याच पट्टीवर, त्याच टाकीसाठी, नव्याने भूमिपूजन करण्यास येत आहेत. नवा नारळ फुटला की पट्टी पुन्हा अडकणार, हे उघड होते. जे काही करावयाचे ते नारळ फुटण्याआधीच करणे भाग होते. चिमीने ऐनाचा आणि पळसाचा पाला, शेणी, गवत असे सारे आणून पट्टीच्या कडेला रचून ठेवले आणि ती वाट पाहू लागली.

ठरल्या दिवशी पट्टीच्या कडेला मंडप उभा राहिला. गाड्या आल्या. जनार्दनरावांचे स्वीय सहायक सुदेश यांनी काळा चष्मा कपाळावर चढवून खुर्च्या लावून घेतल्या. भाषण झाले. “माझ्या मायबहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरवल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही!” असे जनार्दनराव मोठ्या आवाजात म्हणाले, आणि स्वस्थ बसले.

टाळ्या चालू असतानाच चिमी रिकामा हंडा घेऊन पुढे आली.

“जान्यादादा.”

टाळ्या थांबल्या. ते नाव अनेक वर्षांत कोणत्याही मंडपात उच्चारले गेले नसावे.

“ए बाई, साहेब म्हण,” सुदेश पुढे झाले. “निवेदन असेल तर माझ्याकडे दे.”

“निवेदन नाय. हंडा हाय.”

जनार्दनराव हसले. समोर छायाचित्रे काढणारा असला की ते हसतात. “काय गं, काय म्हणणं आहे तुझं?”

“नवा नारळ मागनं फोड. आदी जुना सोडव. तू मागलीस ही जागा, टाकी तर केली नाय. मंग तूच परत दे. आमाला राब भाजायचाय.”

“अगं, या जुन्या समजुती आपण टाकून द्यायला हव्यात. विज्ञानाचं युग आहे हे.”

“मंग नारळ कशाला आणलास? इज्ञान फोड.”

मंडपात हशा पिकला. जव्हारहून आलेल्या वार्ताहराने मोबाइल उंच धरला. त्या मोबाइलकडे पाहताच जनार्दनरावांच्या ठायी आपल्या लोकांच्या परंपरेविषयी एकाएकी प्रेम उत्पन्न झाले.

“परंपरा जपलीच पाहिजे,” ते उठून म्हणाले. “मी काय परका आहे? सुदेश, पाणी आण.”

सुदेश यांनी मंचावरची पाण्याची बाटली त्यांच्या हाती दिली. तेव्हा गोरख भगत उठला. आमच्या पाड्याचे सारे देवकार्य त्याच्याकडे असते. तो क्वचित बोलतो.

“बाटलीतलं नाय चालत,” तो म्हणाला. “गावचं पाणी पायजे. तुला ठाव हाय, जान्या. तुझ्या आयशीनं घराची जागा परत देतानी आणलं व्हतं. मी तठं व्हतो.”

जनार्दनरावांनी हंडा हातात घेतला, तो वार्ताहराला नीट दिसेल असा धरला आणि विचारले, “पाणवठा कुठे आहे?”

वाचकहो, हा प्रश्न त्यांनी खोडसाळपणाने विचारला नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हते. ज्या पाण्यासाठी त्यांनी विधानसभेत कितीदा कंठशोष केला, असे त्यांचीच पत्रके सांगतात, ते पाणी कोणत्या दिशेला आहे हे त्यांना विचारावे लागले.

“खाली वढ्यात,” चिमी म्हणाली. “डवरा हाय.”

ओढा आटला की वाळूत हाताने खड्डा उकरावा लागतो आणि त्यात पाझरेल तेवढे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरावे लागते. तोच डवरा. तेथे उतरणारी वाट सुट्या दगडांची व उभ्या चढाची आहे. आमच्या बाया ती भरल्या हंड्यानिशी चढतात. जनार्दनराव रिकाम्या हंड्यानिशी उतरू लागले. वार्ताहर पुढे उलटा चालत होता. सारा पाडा वरून पाहत होता. पहिल्या वळणापर्यंत चाल रुबाबदार होती. पुढे त्यांचा बूट एका दगडावरून सटकला. सुदेश यांनी दंड धरला. आणि मग आमदारांनी खाली पाहिले. खाली डवऱ्याभोवती बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यामागे हंड्यांची रांग ओढ्याच्या वळणापलीकडे गेली होती. ते एका ऐनाच्या सावलीत बसले. सुदेश कार्यक्रमपत्रिकेने वारा घालू लागले.

“कुणीतरी भरून आणा रे,” ते ओरडले. “ओततो मी!”

“हात तुझाच पायजे!” चिमीने वरून सांगितले.

डवऱ्यात कंबरेपर्यंत वाकलेली प्रमिला वाटी उंचावून हसली. “ये ना दादा, लाजतोस काय! ही मीना, हिच्या मागं गोजाबाय, तिच्या मागं हंडा लाव. आज नाय तर उद्या लागंल नंबर!”

बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. वार्ताहराने तेही टिपले असावे, कारण सुदेश यांनी त्याच्या मोबाइलपुढे हात धरला. जनार्दनरावांनी हंडा वाटेतच ठेवला. “खोडाळ्याला दुसरा कार्यक्रम आहे. उशीर होतोय,” असे जाहीर करून ते वर चढू लागले. ठेवलेला हंडा कलंडला आणि गडगडत खाली गेला. प्रमिलेने तो पायाने अडवला.

वर येताच त्यांनी दम न खाता नारळ मागितला. आता घाईघाईने तो फोडून निघून जावे, असा त्यांचा विचार दिसला. तेव्हा जे घडले ते आम्हांपैकी कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. इतकी वर्षे ज्याने त्या पट्टीला पाय लावला नव्हता, तो सोन्या तिच्यात शिरला आणि शिलेच्या पुढ्यात उभा राहिला.

“इथं नाय,” तो म्हणाला.

“अरे, तुमच्याच पाण्यासाठी चाललंय हे!”

“व्हय. पण इथं नाय.”

इतक्या माणसांदेखत शेतमालकाला बाजूला ढकलणे शोभले नसते. सुदेश कानाशी काही पुटपुटले. जनार्दनराव गाडीपाशी गेले, डांबरी रस्त्याच्या कडेला त्यांनी नारळ आपटला, त्याचे छायाचित्र काढवून घेतले, आणि गाड्या खोडाळ्याच्या दिशेने निघून गेल्या. त्या टाकीचे भूमिपूजन अशा प्रकारे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यावर संपन्न झाले.

नवा नारळ टळला होता. तथापि जुना सुटला नव्हता. पाणी आले नव्हते, कोणी ‘तुझं तुला’ म्हटले नव्हते. चिमी आपल्या पाल्याच्या ढिगाशी जाऊन बसली. सोन्या चटका बसल्यासारखा पट्टीतून बाहेर आला.

“गोरखबाबा,” चिमी म्हणाली, “आता सांग. ठाण्याला जाऊ?”

गोरख जमिनीवर बसला. त्याने हाताचा तळवा मातीवर ठेवला.

“धरतरी माय कोनाचा शबूद घेते?” तो म्हणाला. “ज्याचा पाळायचा इचार हाय त्याचा. ह्याला एक हंडा वर आणता नाय आला. त्याला ठाव व्हतं, आणायचं नाय. पयल्या दिसापासनं ठाव व्हतं. त्याचा नारळ तिनं घेतलाच नाय. कवाच नाय घेतला.”

“म्हंजी जमीन मोकळीच व्हती?” सोन्याने विचारले.

“मोकळीच व्हती.”

“इतकी वर्सं?”

गोरखने मान खाली घातली. आनंद व्हावा असा तो क्षण होता, परंतु कोणालाही आनंद झाला नाही. इतक्या वर्षांची पडीक पट्टी, चिमीचे पुलाखालचे दिवस, हे सारे एका खोट्या माणसाचा शब्द खरा मानल्याचे फळ होते. ज्याचा शब्द मातीनेही ऐकला नाही, त्याला आम्ही दर खेपेस मत दिले. मलादेखील त्या वेळी मान वर करवेना.

गोदी म्हातारी उठली. तिने पदराच्या टोकाने शिलेवरचा शेंदूर पुसावयास सुरुवात केली. तो वर्षानुवर्षांचा होता, निघता निघेना. “आन् मी ह्याला हात जोडीत व्हते,” ती म्हणत होती, “ह्याला!” मग ती शिलेवर थुंकली, आणि बाजूला झाली.

लाडक्या आणि सोन्या यांनी पहार घालून शिला उपटली. त्याच दुपारी पट्टीवर पाला पसरला, त्यावर शेणी व गवत, वरून माती, आणि चिमीने आपल्या हाताने विस्तव घातला. धूर सरळ उठला. खोडाळ्याच्या वाटेवरून तो दिसला असेल.

काही दिवसांनी सुदेश मोटारसायकलवरून एकटेच आले. चिमी काळ्या पडलेल्या पट्टीतले खडे वेचीत होती.

“कोनशिला कुठे आहे?” त्यांनी विचारले. “साहेबांनी मागितली आहे. दुसऱ्या पाड्यावर लावायची आहे. तारीख तेवढी बदलून घेऊ.”

चिमीने ओढ्याच्या वाटेकडे बोट केले. अर्ध्या उतारावर, जेथे जनार्दनराव ऐनाखाली बसले होते, तेथे शिला आडवी पडलेली होती. तिच्यावर हंडा टेकवून मीना दम खात उभी होती.

“तठं हाय. त्याला म्हणावं, येऊन उचल.”

सुदेश यांनी वाट खालपर्यंत पाहिली. मग कपाळावरचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला, मोटारसायकल वळवली आणि ते जव्हारकडे निघून गेले. चिमी पुन्हा खडे वेचू लागली.