पायाळू

माझा भाऊ सहदेव पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आमच्या पळसदरीत शेंबडं पोरही सांगेल. लहानपणी सकाळी उठला की त्याच्यापुढे कुणी ना कुणी पाठ करून बसलेलं असायचं. तो चिडून लाथ घालायचा आणि लोक आईला दुवा देऊन जायचे.

पुढे तो शिकला, मुंबईला प्रयोगशाळेत लागला. सत्त्याऐंशीच्या दिवाळीत घरी आला तेव्हा ओटीवर बसून त्यानं आम्हाला काम समजावलं. हाडात जुनं खाणाऱ्या पेशी असतात आणि नवं भरणाऱ्या असतात. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना जाणारा निरोप. काही निरोप असे, की खाणाऱ्या पेशी चेकाळतात. कॅन्सरची गाठही तसले निरोप धाडते आणि हाड आतून पोखरलं जातं.

"वाळवीच की रं," आई म्हणाली. तिचा हात कमरेवर होता.

"हां आये, वाळवीच," सहदेव खूश होऊन म्हणाला. उंदरांच्या हाडांबद्दल तो जेवणाचं पान येईपर्यंत बोलत राहिला. कंबर का धरलीस, असं त्यानं विचारलं नाही. भातकापणीत उसण भरलीय, असं तीच म्हणाली. त्यानं गोळी दिली.

सकाळी आई अंगणात पालथी पडली. "सहदेवा, पाय लाव रं. गावाच्या पाठी केल्यास, आईची राह्यली."

"आये, ह्या अडाणी गोष्टी हायत."

"शिकलास म्हून लाज वाटते व्हय?"

तिचं मन राखायला त्यानं हसत पाय टेकवला. "जोरात मार की!" ती म्हणाली. त्यानं लाथ मारली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. आईनं उठायला हात टेकले, पण पाय काही उठले नाहीत.

इस्पितळात नर्सनं चोळी सोडली तेव्हा छातीवर लिंबाएवढी गाठ दिसली. वर्षभर पदराखाली झाकलेली. "लेकाला असलं कसं दाखवायचं गं?" आई मला म्हणाली. मला रडू आलं आणि तिचा संतापही आला.

सहदेव एक्स-रे खिडकीशी धरून उभा होता. कमरेचा एक मणका पार खाल्ला गेला होता. हाड खाल्लं जातं तेव्हा त्यात साठलेले ग्रोथ फॅक्टर मोकळे होतात, म्हणाला, आणि त्यांवर गाठ आणखी पोसते. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"उंदरांचं एवढं ठाव हाय, आन् आईला कदी इचारलंस, कुठं दुखतंय म्हून? मला नको शिकवू. जा, तिला सांग."

तो आत गेला. खाटेशी उभं राहून म्हणाला, "आये, माझ्या लाथेनं..."

तिनं त्याला पुढे बोलूच दिलं नाही. त्याचा हात धरून शेजारच्या खाटेवरच्या अंबाबाईला म्हणाली, "ह्यो माझा लेक. पायाळू हाय. एकच लाथ मारली, आन् बघा, आता कमरेखाली कायसुदीक दुखत नाय."

अंबाबाईनं कण्हत कूस बदलली आणि पाठ त्याच्यापुढे केली.