उलट्या धारेचा चाकू

जुन्या बाजारातून आणलेला घडीचा चाकू उघडता उघडता माझ्या अंगठ्याचं नख तुटलं. आत रेती भरल्यासारखा करकरत होता. "कशाला हे भंगार उचललंस?" असं वडील म्हणतील म्हणून मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, तेव्हापासून रोपवाटिकेतल्या कशातच ते लक्ष घालत नव्हते.

जन्मभर कलमं बांधलेला माणूस. डाव्या हाताने करून पाहिलं त्यांनी, नाही असं नाही. पण पातं लाकडात घुसायचं, काप खोलगट यायचा, आणि एकही कलम जगलं नाही. मग त्यांनी आपले सगळे चाकू माझ्यापुढे ठेवले आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. मला त्या खुर्चीचा भयंकर राग यायचा.

चाकू मी रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. मग जुना टूथब्रश, काडीला गुंडाळलेली चिंधी, उघड-मीट, उघड-मीट. काळा चिखल निघत राहिला. माती, गंज आणि वाळून दगड झालेला झाडाचा चीक. म्हणजे हाही कलमाचाच चाकू! खिळीपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, तसं पातं निमूटपणे उघडलं.

पण धार पाहिली आणि माझं डोकं फिरलं. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो. दुसरी बाजू सपाट, ती लाकडाला टेकते, म्हणून काप सरळ येतो. इथे सगळं उलटं. आमच्या चाकूंना जिथे उतार, तिथे हा सपाट. मी दगडावर पाणी घातलं आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"कुणाला बोलतेस?" वडिलांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"कुणी दीडशहाण्याने धार उलटी लावलीय. घासून सुलटी करते."

"थांब! आण इकडे."

त्यांनी चाकू डाव्या हातात घेतला. मुठीला झिजून खळगा पडला होता. त्यांचा अंगठा त्यात बरोबर बसला. त्यांनी पातं उलटसुलट करून पाहिलं.

"दीडशहाणी तूच," ते हळूच म्हणाले. "अगं, हा डावखुऱ्याचा आहे."

आमच्या घरात सगळे उजवे. चाकूलाही डावं-उजवं असतं, हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि कुठल्या तरी बागेत कुणीतरी हे पातं घासून घासून निम्म्यावर आणलं होतं, तरी उतार टोकापर्यंत एकसारखा राखला होता. त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले. तोच उतार धरून मी दगडावर पातं फिरवलं. या वेळी खुर्ची माझ्याकडे वळलेली होती.

फांदी मी दोन्ही हातांनी धरली. वडिलांनी पातं टेकवलं आणि एका दमात ओढलं. साल, लाकूड, काही अडलं नाही. काप उजेडाकडे धरला, तर पाटीसारखा सपाट. इतकी वर्षं त्यांचं काम पाहत आले, पण असा काप मी पहिल्यांदाच पाहत होते असं वाटलं.

"दुसऱ्या बाजूने घेतो," ते म्हणाले. "नीट धर. रडतेस काय, फांदी हलतेय."