पिवळ्या कापडावरचे तांबडे हात

“आजपासून पोरीला गोळी द्यायची नाही. दिलीस तर फळाची आशा धरलीस, आणि तुझ्या आशेचं विष तिच्याच अंगात उतरेल.”

निष्काम महाराजांचा हा आवाज दोन दिवस माझ्या कानातून गेला नाही. आवाज मऊ होता, म्हणूनच जास्त भीती वाटली.

त्यांनी हे माझ्या धाकट्या जावेला सांगितलं, भरल्या हॉलमध्ये. दुकानांच्या वरचा तो हॉल संध्याकाळी सहालाच गच्च व्हायचा, जिन्याच्या पायऱ्यांवरही माणसं बसायची. महाराजांसमोर एक पिवळं कापड ताणून बांधलेलं असे. शिष्य तांब्याने येणाऱ्याच्या हातावर पाणी घालायचा आणि त्याचा ओला तळवा त्या कापडावर टेकवायला लावायचा. बहुतेकांचा नुसता ओला ठसा दिसे. “शुद्ध कर्म,” महाराज डोळे मिटून म्हणत. पण एखाद्याने हात उचलला की खाली रक्तासारखा तांबडा पंजा. मग पंख्याची कुरकुर ऐकू यावी इतकी शांतता. मनात फळाची आशा असली की असं होतं म्हणे.

जावेचा पंजा तांबडा आला. माझाही.

आम्ही दोघी हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. जावेच्या नऊ वर्षांच्या लेकीला फिट यायच्या. सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू झाल्यापासून वर्षभरात एकही आली नव्हती. गोळी कशासाठी देतेस, असं महाराजांनी विचारलं. बरी व्हावी म्हणून, असं ती म्हणाली आणि अडकली. बरं व्हावं ही आशा, आशा हे बंधन, बंधन हाच रोग. महाराजांचे शब्द एकमेकांचा पदर धरून चालत होते, अर्थ मागे कुठेतरी चुकला होता. स्वतः महाराजांना पंखा बरोबर डोक्यावर लागायचा. ती बहुधा आशा नसावी.

आज हसून लिहिते आहे, तेव्हा हसू आलं नव्हतं. पोथीतल्या दोन ओळी वाचल्याशिवाय मी तोंडात पाणी घालत नाही, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. इतकी वर्षं मी देवाजवळ नुसती मागतच होते की काय, असं वाटू लागलं. जावेला ‘गोळी दे’ म्हणायचं धाडस मला झालं नाही. माझाच हात तांबडा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीचा डावा हात थरथरला आणि कप खाली पडला. जावेने गोळ्यांची पट्टी काढली, हातात धरून उभी राहिली, आणि परत फळीवर ठेवली.

“ताई, दिली तरी माझ्यामुळे, नाही दिली तरी माझ्यामुळे. मी करू काय?”

मी डबा उचलला. तशीच कामावर गेले. सोड्याच्या टाकीत चादरी सोडल्या, तर एका चादरीवरचा भाजीचा पिवळा डाग बघता बघता तांबडा झाला. हजारदा पाहिलेली गोष्ट, पण त्या दिवशी माझ्या हातातली काठी गळून पडली. मुकादमबाई धावत आल्या. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

“अगं, बावीस वर्षं सोड्यात हात घालतेस आणि हळद ओळखत नाहीस? सोड्यात तांबडी होते, शेवटी आंबट पाण्यात खळबळलं की परत पिवळी. या चादरीला कुठली आली फळाची आशा?”

हॉलमध्ये देवाचं नाव होतं, म्हणून हळद मला आठवलीच नव्हती.

संध्याकाळी आंबट पाण्याची बाटली पदराखाली धरून मी रांगेत उभी राहिले.  मुकादमबाई मागे होत्या, त्यांच्यामागे लेकीला घेऊन माझी जाऊ. आता नीट पाहिलं तर शिष्याजवळ तांबे दोन होते. जिन्यात तो गोड बोलून कुणाच्या घरी आजारपण आहे ते विचारून घ्यायचा, आणि त्या माणसासाठी मागचा तांब्या उचलायचा.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “महाराज, मागच्या तांब्यातलं पाणी आधी तुमच्या हातावर घालू द्या.”

महाराजांनी दोन्ही हात शालीत घेतले. साधूची परीक्षा घेणाऱ्याचं काय होतं ते सांगू लागले. तेवढ्यात मुकादमबाईंनी तांब्यात बोटं बुडवून चोळली. “बुळबुळीत लागतंय. धुण्याचा सोडा आहे हा.” त्यांनी ते पाणी कापडाच्या कोपऱ्यावर ओतलं. कुणाचाही हात न लागता कापड तांबडं झालं. मी त्यावर बाटली उपडी केली. ते पिवळं झालं.

“आशा गेली, महाराज,” मी म्हटलं.

आधी जिन्यातलं कुणीतरी हसलं, मग सगळा हॉल. पण शिवणकाम करणारी एक बाई रडत होती. तिच्या नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर बंद होत्या, आणि तो कुणाचं ऐकत नव्हता. जाऊ तिच्याजवळ बसली. “सकाळी मी येते,” म्हणाली, “माझ्या पोरीचं सांगितलं की ऐकतील.”

तिथून आम्ही लेकीला घेऊन हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टर तपासत असतानाच तिला फिट आली. सव्वा मिनिट. जावेने माझं मनगट आवळलं होतं, त्याचे वळ दोन दिवस राहिले. डॉक्टर रागावले नाहीत. अशी गोळी एकाएकी बंद केली तर जिवावर बेतू शकतं, एवढंच म्हणाले, आणि औषध पुन्हा सुरू केलं.

माझा नेम अजून चालू आहे. निष्काम कर्म मला कळलं ते एवढंच: मूल बरं होईलच अशी हमी मागू नये, पण गोळी मात्र वेळेवर द्यावी. पोथीत फळ सोडा असं सांगितलं आहे, काम सोडा असं नाही. कुणी देवाच्या नावाने औषध बंद करायला सांगितलं, तर आधी त्याचा तांब्या तपासा. देवाला त्याचा राग येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी लेक गोळी घेऊन पुन्हा झोपली होती. जावेचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या शिवणकामवाल्या बाईकडे तुझ्याऐवजी मी जाते, मी म्हटलं. तिने मान हलवली.

“तुम्ही हिच्याजवळ बसा, ताई. शब्द मी दिलाय.”

चपला हातात घेऊन ती दारापर्यंत गेली, बाहेर जाऊन पायात घातल्या, आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.