शेवंतीचा खुराक

शेवंतीच्या आयाळीचे केस झडायला लागले तेव्हा मी सरळ वरच्या मजल्याला बोल लावला. वरचे म्हणजे माझा दीर प्रफुल्ल आणि जाऊ समृद्धी. मानपाड्याची जमीन बिल्डरला दिली तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. घर वाटलं, भांडी वाटली, सासऱ्यांच्या हौसेची ही घोडी तेवढी वाटता आली नाही. ती खाली पार्किंगमध्ये असते, दोघांची.

पूर्वी ती आमच्या बांधावरचं हिरवं गवत खायची. आता तिथे टॉवर झालाय, टेम्पोतून सुकं गवत येतं तेवढंच. नौपाड्याच्या डॉक्टर विनिता म्हणाल्या, सुकलेल्या गवतात सगळी जीवनसत्त्वं उरत नाहीत, क्षारही कमी पडतात, ही पावडर रोज एक चमचा भुशातून द्या. ते काम मी घेतलं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.

तरी घोडी खंगत चालली. शेपटीचे केस गेले, खुरांना आडव्या भेगा पडल्या आणि परवा तर ती पाऊलच टाकेना. माझा नवरा काळुराम तिच्या पायाशी बसला तो उठेचना.

"तुळसा, उभी नाही राहिली तर सुई देऊन झोपवतील का गं तिला?"

"गप बसा हो," मी म्हटलं. मलाही तीच भीती होती.

डॉक्टरांनी रक्त तपासायला नेलं. आज रिपोर्ट घेऊन त्या आल्या तेव्हा वरचे दोघेही खाली आले, जिन्यापाशी उभे राहिले.

"रक्तात सेलेनियम फार वाढलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पावडरीत असतं ते. थोडं लागतंच, पण जास्त झालं की विष. किती देता?"

"एकच चमचा. तोही सपाट," मी तडकून म्हटलं.

"मग अजून कोण देतं?"

समृद्धी ओढणीशी चाळा करत होती. "आम्ही पण देतो, ताई. यांनी तसाच डबा आणलाय. वाटलं, तुम्ही देत नसाल."

"दोन चमचे," प्रफुल्ल पुटपुटला. "बारीक दिसत होती म्हणून."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काळुराम खाकरला. "मी पण दुपारी गुळातून देतो थोडी. तू जरा हात आखडता घेतेस."

माझ्याच डब्यातली! डबा भराभर संपायचा आणि मी बिचाऱ्या कामवाल्या बाईला बोलत होते.

"वाचेल का?" काळुरामने विचारलं.

"वाचेल. वेळेत कळलं. पावडर आजपासून बंद. खूर नवीन येईल, केसही येतील, पण धीर धरावा लागेल. आणि तिच्या तोंडात काहीही घालायच्या आधी एकमेकांना विचारायचं. नाही विचारलंत तर मग मलाही काही करता येणार नाही."

डॉक्टर गेल्या. मी तिथेच पायरीवर बसले. आम्ही चौघं लाडानेच मारत होतो तिला. प्रफुल्लने गवताची पेंडी उचलली, थांबला. किती वर्षांनी त्याने भावाकडे बघितलं.

"दादा, हिला संध्याकाळचं गवत टाकलंस का?"

काळुराम घोडीपासून जरा बाजूला सरकला. मग म्हणाला, "नाही रे. टाक तू."