एक घर अलीकडे

बुद्धिबळाच्या क्लबात तिला सगळे शिक्केवाली म्हणत. सोंगटी हलवली की ती घराच्या बरोबर मधोमध बसवायची आणि वरून बोटाने दोनदा दाबायची, पोस्टातला कारकून पाकिटावर शिक्का मारतो तशी. समोरचे वैतागायचे. "अहो, लाकडाची आहे, पळून नाही जाणार," असं एक निवृत्त इंजिनिअर दर शनिवारी म्हणायचा आणि दर शनिवारी हरून घरी जायचा.

पोटासाठी ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. "हे स्पष्ट, की हे?" दिवसभर तेच. संध्याकाळी पट. लग्नाची स्थळं आली, चहा प्यायली, कोपऱ्यातल्या पटाकडे बघून उठून गेली. काय हा बाईचा नाद, असं लोक म्हणायचे. तो लागला कसा, हे कुणी विचारलं नाही आणि तिने आपणहून सांगितलं नाही.

लावला आत्याने. ही नऊ वर्षांची असताना आईचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात ठरलं. बाबा आईबरोबर गेले आणि जाताना हिला बहिणीकडे सोडून गेले. आत्या बर्फाच्या कारखान्यात वजनकाट्यावर होती. अंगात बारा महिने जाड स्वेटर, त्याच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत लोंबणाऱ्या. बाईंचा बर्फ काट्यावरून उतरायच्या आधीच वितळतो, असं गिऱ्हाइकं पाठीमागे म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. घर कारखान्याला लागूनच होतं. फोन मात्र भिंतीपलीकडे ऑफिसात, आणि ऑफिसची किल्ली आत्याकडे.

पहिल्याच संध्याकाळी आत्याने पट मांडला. कोण कसा चालतो ते एकदा सांगितलं. दोनदा सांगायची तिला सवय नव्हती. पोरगी हरली, पुन्हा हरली, आणि तिला ते भलतंच आवडलं. उंट तिरका जातो तर तिरकाच जातो. हत्ती सरळ तर सरळ. घरातल्या मोठ्या माणसांपेक्षा या सोंगट्या बऱ्या, बोलल्याप्रमाणे वागतात तरी. थोड्याच दिवसांत ती आत्याला विचार करायला लावू लागली, आणि आत्याला विचार करावा लागलेला आवडत नसे.

"आत्या, मला आईशी बोलायचंय."

"मग बोल की. मी काय तोंडाला कुलूप लावलंय? आज बाबा फोन करणारच आहे. डाव जिंक आणि बोल."

"आणि हरले तर?"

"तर हरलीस, ढब्बू. आणखी काय?"

त्या संध्याकाळी ती जीव मुठीत धरून खेळली. आणि खेळली अशी, की आत्याचा राजा कोपऱ्यात गेला आणि हिचा हत्ती त्याची वाट अडवून उभा राहिला. आता दोन खेळ्या, की मात. तेवढ्यात भिंतीपलीकडे फोन वाजायला लागला. पोरीने मान वळवली. आत्याने चहाच्या कपाकडे हात नेला.

"आत्या, फोन!"

"ऐकू येतंय. आधी डाव. माझी खेळी आहे."

पोरगी पटाकडे वळली, तर हत्ती एक घर अलीकडे उभा, थेट उंटाच्या वाटेत. आत्याने तो उचलला आणि आपल्या बाजूला ठेवून दिला.

"हत्ती इथे नव्हता!"

"मग? उडत आला?"

"मी तिथे... मला वाटलं, मी तिथे ठेवला होता."

"तूच ठेवलास ना? मग रडतेस कशाला?"

आत्या उठली, किल्ली घेऊन ऑफिसात गेली. भिंतीतून आवाज आला, "हो रे. अरे, बोलावलं ना, येत नाही. खेळात रमलीय."

बाबा परत आले ते एकटेच आले.

पुढे कधीतरी, ती नोकरीला लागल्यावर, बाबांनी सहज सांगितलं, "शेवटच्या दिवशी तुझ्या आईला रिसीव्हर धरवत नव्हता. मी तिच्या कानाला लावून उभा होतो. तू लहान होतीस, खेळात रमलीस, त्यात तुझं काय चुकलं?" माणूस भला होता, आणि भल्या माणसासारखाच पोरीच्या जखमेवर बरोबर नेम धरून बोलला होता. तिने आत्याचं नाव काढलं नाही. हत्ती चुकीच्या घरात तिनेच ठेवला होता. त्या एका चुकीपायी ती आयुष्यभर पट मांडत राहिली, आणि प्रत्येक सोंगटी बोटाने दोनदा दाबत राहिली.

आत्या म्हातारी झाली, डोकं भरकटलं, वृद्धाश्रमात गेली. बाबांचे पाय गेलेले, राहायला दूरच्या शहरात. त्यांनी फोनवर लेकीला गळ घातली, "एकदा जाऊन ये. मला तिच्याशी बोलायचंय गं. आता उरलंय कोण आमच्यात? रविवारी तू तिथे असशील तेव्हा फोन लावून दे."

ती गेली. नर्स म्हणाली, "कुणाला ओळखत नाहीत. दिवसभर एकच, दादाला फोन लावा, दादाला फोन लावा. आमच्याकडे नंबर फक्त तुमचा."

फोन पर्समध्ये होताच. लावून द्यायचं ठरवूनच ती आली होती. पण खिडकीपाशी पट दिसला, आणि वाटलं, आधी एक डाव. आयुष्यात एकदा तरी या बाईला हरवावं, मग खुशाल बोलू दे. म्हातारीचं नाव-गाव गेलं होतं, सोंगट्यांची चाल शाबूत होती. अंगात तोच स्वेटर, नाहीतर त्याचा भाऊ.

डाव हिच्या बाजूने झुकला. हिने हत्ती आणून राजाची वाट अडवली, मधोमध बसवला, दोनदा दाबला. म्हातारीने पाण्याच्या पेल्याकडे हात नेला. बाही पटावरून गेली, सावकाश, मांजराच्या शेपटीसारखी. बाही गेली आणि हत्ती एक घर अलीकडे होता.

लोकांना काचेतला बारीकसा फरक ओळखायला लावणारी बाई काही वेळ नुसती बघत राहिली.

"हत्ती इथे नव्हता, आत्या."

म्हातारीचे डोळे क्षणभर लख्ख झाले. समोर कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं, उत्तर मात्र तयार होतं. "तूच ठेवलास ना? मग रडतेस कशाला?"

शिक्केवाली रडत नव्हती. तिने हत्ती उचलून त्याच्या जागी ठेवला. या खेपेला बोटाने दाबला नाही. आता गरज नव्हती. मग दोन खेळ्यांत मात केली.

म्हातारी पटाकडे बघत बसली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, दादाला फोन लावा ना."

"लावते की. मी कुठे नाही म्हणतेय? डाव जिंक आणि बोल."

त्या रात्री तिने बाबांना सांगितलं, "बोलावलं हो मी, आली नाही. खेळात रमलीय." बाबा म्हणाले, "असू दे. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी ती गेली, त्याच्या पुढच्याही. क्लब सुटला, रविवार सुटला नाही. म्हातारी डाव मांडते, हरते, सोंगट्या परत लावायला घेते. बाही सरकली की ही मनगट धरते, हलकेच, औषध देताना धरावं तसं. नर्स येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवते, "लोकांच्या पोटच्या पोरी येत नाहीत हो. ही भाची बघा."

परवा डाव रंगात असताना पर्समध्ये फोन थरथरला. म्हातारीने मान वर केली. "कुणाचा गं?"

शिक्केवालीने पर्समध्ये बघितलं. बाबा. तिने चेन ओढली आणि पर्स खुर्चीखाली सरकवली. ती तिथे फरशीवर गुरगुरत राहिली.

"कुणाचा नाही," ती म्हणाली. "आधी डाव. तुझी खेळी आहे, आत्या."