गुणाकरभाऊंच्या गच्चीवरची छत्री

मी छत्री बोलतेय. पावसाची नव्हे हो! बालाघाटात गुणाकरभाऊंनी केबलचा धंदा टाकला, तेव्हा गच्चीवर बसवलेली दहाफुटी, जाळीची छत्री. चौऱ्याण्णव सालातली. काय थाट होता तेव्हा माझा! वाऱ्यानं जरा हलले की सारा मोहल्ला भाऊंच्या दारात. मग भाऊ वर येत, मला केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत आणि चित्र आणूनच खाली उतरत. न लागणारं चॅनल त्यांना माहीतच नव्हतं.

पुढे धंदा बसला. भाऊंची बायको प्रेमलताताई माझ्यात मुगाच्या वड्या वाळवू लागल्या. वरून ऊन, खालून हवा, झकास वाळायच्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांची अबोली जबलपूरला एम.एस्सी. झाली आणि तिला पुण्याहून संशोधनासाठी बोलावणं आलं. काही दूरच्या आकाशगंगांच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असतं म्हणे. ते दिसत नाही, पण त्याच्या आसपासहून सुटणाऱ्या झोतांतून रेडिओ लहरी येतात. त्या टिपायच्या. एकुलती एक पोर. भाऊ अडून बसले.

"एवढ्यासाठी पुण्याले कायले जातं? आपली छत्री हाये ना घरी!"

झालं! वड्या निघाल्या, सिग्नल मोजायचं जुनं मीटर जोडलं गेलं. आधी मला सूर्याकडे वळवलं. काटा टणकन उडाला. भाऊ खूश.

"पाह्य! आता तुही आकाशगंगा कुठं हाये, सांग."

भर दुपारी अबोलीनं आभाळात बोट दाखवलं. भाऊ मला फिरवत राहिले. काटा ढिम्म. जेवायच्या हाका आल्या, ताट निवलं. मी जीव खाऊन कान दिला हो, पण तिथला आवाज फारच बारीक.

"बाबा, राहू द्या आता. तिकडं इच्याहून लय मोठ्या छत्र्या मिळून ऐकतात, तेव्हा कुठं लागते."

भाऊंनी मीटरची वायर सोडवली. मग हात पुसत जिना उतरले.

"प्रेमलता, पोट्टीची पेटी भर."

ती गेली त्या संध्याकाळी भाऊ वर आले. माझी कड धरून लहान लेकरासारखे रडले. "घर खायले उठते वं," म्हणाले. मलाही भरून आलं.

आता मी पार गंजलेय. उद्या भंगारात जाणार. त्याची तक्रार नाही. पण अबोली, तुझा फोन आला की आई सांगते ना, "बाबा कामात हायेत"? खोटं आहे ते. तुझ्याशी बोलताना रडू फुटेल, म्हणून ते माझ्याजवळ येऊन उभे राहतात. उद्यापासून मीही नसेन. पुढच्या वेळी हट्ट धर, पोरी, त्यांनाच फोनवर बोलाव.