पानडब्याची पाचवी वाटी

मी एक पितळेचा पानडबा बोलतोय. चिखलीजवळच्या एका गावात हायस्कूल आहे, त्याच्या कपाटात मी राहतो. माझ्या एका बाजूला गुंडाळलेले नकाशे आहेत, दुसऱ्या बाजूला फुटका तबला. शेजार चांगला आहे.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी गावात हे हायस्कूल निघालं. शाळा कमिटीचे अध्यक्ष रंगराव मला चिखलीच्या बाजारातून घेऊन आले. "पाहुणा आला तं त्याले पान कशात देसान?" असं म्हणून त्यांनी मला शाळेला दिलं. माझ्या पोटात पाच वाट्या आहेत. काथ, चुना, सुपारी, लवंगा, आणि पाचवीत तंबाखू.

शिपाई शालिग्राम मला सांभाळायचा. चिंच लावून असा घासायचा की त्याचं तोंड माझ्यात दिसावं. घासून झालं की पाचव्या वाटीतली एक चिमूट त्याच्या तळहातावर जायची. मी कधी कुणाला सांगितलं नाही.

कोणताही कार्यक्रम संपला की शालिग्राम मला घेऊन पाहुण्यांपुढे फिरे. पान घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही, ही इथली रीत.

मग शाळेमागच्या बाभळीखाली बिड्यांची थोटकं सापडू लागली. दयाराम सर विज्ञान शिकवायचे. ते ती थोटकं उचलून कागदात बांधून ठेवत. नववीतला कडूबा गणितात सगळ्यांच्या पुढे होता. पण तो जेवणाच्या सुट्टीनंतर वर्गात येईना. आला तर खोकत यायचा. सरांना त्याचीच जास्त काळजी होती.

सरांनी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठरवला. बुलढाण्याहून वक्ते आले. त्यांनी फुप्फुसाची चित्रं दाखवली. पोरं हात पुढे करून बोलली, "बिडी, तंबाखू, गांजा, दारू यांना शिवणार नाही." कडूबानेही हात पुढे केला होता.

आभार झाले आणि शालिग्राम नेहमीच्या सवयीने मला घेऊन निघाला. आत तंबाखू आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. रंगरावांनी झाकण उघडलं, पाचव्या वाटीतली तंबाखू घेतली, चुना लावून मळली. वक्त्यांनीही जरा इकडेतिकडे पाहून चिमूट उचलली.

मागच्या रांगेतून कडूबाचा आवाज आला, "सर, शपथ नुसती पोरायलेच हाये काय?"

सगळं मैदान हसलं. रंगरावही हसले. दयाराम सर मात्र हसले नाहीत. मी शालिग्रामच्या हातात होतो. त्याने घाईने माझं झाकण लावलं.

त्यानंतर सर वर्गात तंबाखूचं नाव काढायला गेले की कोणीतरी बाकावर बोटं वाजवी, आणि दुसरा म्हणे, "डबा आणा बे." बाभळीखालची थोटकं वाढली.

पुढच्या वर्षी सरांनी पुन्हा कार्यक्रम मागितला. "पण या वेळी पानडबा नको," ते म्हणाले.

हेडमास्तर उत्तमराव कपाळाला हात लावून बसले. "दयाराम सर, डबा रंगरावांनीच दिलेला. त्यांच्यापुढे तो नेला नाही तर त्यांचा मान जातो. नेला तर तुमचा कार्यक्रम जातो. मी काय करू?"

शालिग्राम दाराशी उभा होता. त्या दिवशी त्याने मला फार वेळ घासलं.

कार्यक्रमाचा दिवस आला. शपथ झाली, आभार झाले, आणि शालिग्राम मला घेऊन निघालाच. दयाराम सरांनी मान खाली घातली. पोरं कोपरांनी एकमेकांना ढोसू लागली. रंगरावांनी झाकण उघडलं. चार वाट्या भरलेल्या होत्या. पाचवी घासूनपुसून रिकामी.

"काऊन बे शालिग्राम, तंबाखू सरली काय?"

"सरली नाही, मालक. म्याच काढली." शालिग्राम हळू बोलला, पण मागपर्यंत ऐकू गेलं. "पोरं शपथ घेऊन राह्यले. आपन म्हातारे आजच्या दिवस तरी थांबू." मग त्याने कंबरेची स्वतःची तंबाखूची चंची सोडली आणि टेबलावर ठेवली.

रंगरावांचा हात खिशाकडे गेला. तिथे त्यांची डबी असायची. हात तिथे जरा थांबला आणि रिकामाच बाहेर आला. त्यांनी एक लवंग उचलली.

"डबा माहा, अन् शिकवते मलेच," ते म्हणाले. या वेळी पोरं हसली, पण ते हसणं वेगळं होतं.

सगळ्यांनी सोडली असं मी म्हणणार नाही. खुद्द शालिग्रामला तीनदा सोडावी लागली. कडूबा पुढेही दोन वेळा बाभळीखाली दिसला. पण वर्गात डबा कुणी मागितला नाही, आणि कडूबा दुपारी बाकावर बसू लागला.

परवा तो शाळेत आला होता. आता तो चिखलीला मास्तर आहे. त्याने मला कपाटातून काढलं, झाकण उघडलं आणि पाचव्या वाटीत बोट फिरवून पाहिलं.

"मामा, रिकामीच हाये ना?"

"हाव," त्याच्यासोबत आलेला म्हातारा शालिग्राम म्हणाला.

आता स्टीलच्या ताटल्या आल्या, मला फारसं कुणी काढत नाही. त्याचं मला दुःख नाही. एवढंच सांगतो, कधी मला पुन्हा पाहुण्यांपुढे नेलंत, तर चार वाट्या हौसेने भरा. पाचवीत काही घालू नका. शालिग्रामने ती घासून ठेवली आहे.